विरंगुळा पुरेसा नाही : ज्येष्ठांचे मनःस्वास्थ्य आणि सामूहिक कामातील वाटा

१. प्रचलित समज आणि त्यामागचे गृहीत

वार्धक्यातील एकाकीपणाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुधा एकाच सल्ल्यापाशी येऊन थांबते : ज्येष्ठांनी मन रमवावे, चारचौघांत मिसळावे, दिवस आनंदात घालवावा. उद्यानातील ‘नाना-नानी पार्क’, सकाळचा हास्यक्लब, एक दिवसाची सहल, महिनाभरातील वाढदिवसांचा एकत्रित कार्यक्रम आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन होणारा सत्कार ही या सल्ल्याचीच निरनिराळी रूपे आहेत. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही; परंतु त्या सर्वांमागे एक गृहीत आहे आणि ते सहसा तपासले जात नाही. ते असे की, म्हाताऱ्या माणसाची मुख्य अडचण म्हणजे त्याच्यापाशी उरलेला मोकळा वेळ, आणि तो वेळ बऱ्यापैकी भरून निघाला की मन आपोआप सावरते.

हे गृहीत उथळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सामूहिक उपक्रम ज्येष्ठांचे मन खरोखर सावरतात तेव्हा त्यांत तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात : ज्येष्ठाच्या वाट्याला इतरांना खरोखर हवे असलेले काम आलेले असते, ते काम ठरलेल्या वेळी करावे लागते, आणि तो आला नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. या तिन्ही गोष्टी नसतील, तर गर्दी कितीही मोठी असली तरी तिचा परिणाम घरी पोचेपर्यंत ओसरतो. नाशिकसारख्या शहरात जुन्या आणि नव्या, धार्मिक आणि नागरी अशा दोन्ही तऱ्हांच्या सामूहिक उपक्रमांची रेलचेल असल्यामुळे हे प्रतिपादन तेथे नीट पारखून पाहता येते.

२. मनःस्वास्थ्य म्हणजे नेमके काय

प्रथम दोन संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. एकटे असणे ही बाहेरून मोजता येणारी स्थिती आहे. घरात किती माणसे आहेत, आठवड्यात किती जणांशी गाठ पडते, यावरून ती ठरते. एकाकीपणा ही आतून जाणवणारी उणीव आहे. हवे असलेले नाते आणि प्रत्यक्षात मिळणारे नाते यांतील अंतर म्हणजे एकाकीपणा. भरल्या घरातील आजोबा एकाकी असू शकतात आणि एकट्या राहणाऱ्या आजी नसूही शकतात. एकाकीपणा हा केवळ वयाचा परिणाम आहे, असेही म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक बंधविषयक आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे आणि किशोर व तरुण वयातील प्रमाण ज्येष्ठांपेक्षा अधिक आहे.

दुसरी संज्ञा मनःस्वास्थ्याची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांनी १९८९ मध्ये तिचे सहा घटक मांडले : स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले संबंध, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जगण्यातील प्रयोजन आणि व्यक्तिगत वाढ. मजा, करमणूक किंवा प्रसन्न वाटणे ही या यादीतील स्वतंत्र नोंद नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रिफ यांच्या पाहणीत स्वायत्तता आणि परिस्थिती हाताळण्याची क्षमता उतारवयात टिकून राहते किंवा वाढते, तर प्रयोजन आणि वाढ हे दोन घटक खालावतात, असे आढळले. म्हणजे ज्येष्ठांना कमी पडते ते प्रयोजन; आणि समाज त्यांना देऊ करतो ती करमणूक. उपाय आणि उणीव यांची अशी चुकामूक झालेली असते.

या चुकामुकीची किंमत लहान नाही. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढील बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. साठीपुढील ज्यांनी आपल्याला नैराश्याचे निदान झाल्याचे सांगितले, ते एक टक्क्याहूनही कमी होते. प्रमाणित प्रश्नावलीने मोजल्यावर मात्र संभाव्य नैराश्याचे प्रमाण सुमारे ८.३ टक्के निघाले. नैराश्य असलेल्या दहा जणांमागे नऊ जणांचे दुःख कोणत्याही दवाखान्याच्या केसपेपरवर आलेले नाही, असा याचा अर्थ होतो.

३. निवृत्ती काय हिरावून घेते

नाशिकच्या आजच्या ज्येष्ठ पिढीचा मोठा भाग हजेरीपटावर वाढलेला आहे. नाशिकरोडची नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांची वसाहत १९२० च्या दशकातली; ओझरचा विमान कारखाना १९६० च्या दशकातला; त्यापाठोपाठ सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या आणि त्यांतील कामगारांनी सिडको व आसपासच्या उपनगरांत घरे केली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. कारखान्याचा भोंगा, डबा, कंपनीची बस यांवर या माणसांची तीस-पस्तीस वर्षे बेतलेली होती. मुले शिकली आणि पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी गेली.

या कामगाराची निवृत्ती पगार कमी करते, हे उघडच आहे. पण ती आणखी एक गोष्ट काढून घेते, जिची कोणी नोंद ठेवत नाही. पाळीवर न गेलेल्या कामगाराच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. मुकादम विचारणा करतो. शेजारच्या यंत्रावरचा सहकारी संध्याकाळी घरी डोकावतो. त्याची गैरहजेरी ही इतरांची अडचण असते. निवृत्तीनंतर त्याच्या असण्या-नसण्याने कोणाचेच काम अडत नाही. ‘आता आराम करा’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी त्याचा एक अर्थ ‘तुमच्यावाचून चालते’ असाही होतो, आणि ऐकणाऱ्याला तो अचूक कळतो.

बायकांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. घरकामातून त्या निवृत्त होत नाहीत. उलट साठीनंतर नातवंडांची आणि आजारी नवऱ्याची भर पडते. त्यांच्यापाशी काम असते, परंतु ते काम घराच्या चार भिंतींत होते, त्याला साक्षीदार नसतो आणि ते नाकारण्याची मुभा नसते. म्हणूनच दुपारचे भजनी मंडळ किंवा भिशी ही त्यांच्यासाठी केवळ चार घटकांची सुटका ठरत नाही. तेथे त्यांना कोणाची आई वा सासू यापलीकडची, स्वतःच्या नावाची जागा असते.

४. वीणेचा पहारा : एक नमुना

आरंभी सांगितलेल्या तीन गोष्टी, म्हणजेच तीन अटी, एकत्र कशा नांदतात, हे पाहण्यासाठी नवा प्रयोग शोधण्याची गरज नाही. सिन्नर, निफाड, दिंडोरी या तालुक्यांतील गावोगावी आणि नाशिकच्या उपनगरांतही अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस आणि सात रात्री वीणा चालू राहते आणि ती जमिनीला टेकवायची नाही, असा दंडक असतो. त्यासाठी पहारे लावले जातात. कोणाचा पहारा किती ते किती, याची यादी मंडपात लागते. पहाटे दोनच्या सुमाराला उत्तरेकडचा गारठा अंगाला झोंबत असताना सत्तरीतला पहारेकरी मफलर गुंडाळून मंडपात येतो, आधीचा गृहस्थ गळ्यातील वीणा उतरवतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नाम खंडत नाही.

या व्यवस्थेचे बारकाईने निरीक्षण केले तर चार गोष्टी दिसतात. पहिली, काम खरे आहे. पुढचा माणूस आला नाही तर आधीच्याला वीणा खाली ठेवता येत नाही, त्यामुळे कोणाला तरी घरी पाठवून त्याला उठवून आणावेच लागते. दुसरी, काम ज्येष्ठाच्या आवाक्यातले आहे. मृदंग वाजवण्याची बोटे किंवा चाली लावण्याचा गळा राहिला नसला तरी वीणा धरून उभे राहता येते. तिसरी, वय मिसळलेले आहे. पंचविशीतला मुलगा आणि सत्तरीतला म्हातारा एकाच यादीत, एकाच मापाच्या वेळेवर असतात. चौथी, जबाबदारी मर्यादित आहे. ती ठरावीक काळाची असते आणि वेळ संपताच दुसऱ्याच्या गळ्यात जाते. येथे कोणीही ज्येष्ठाचे मन रमवायला निघालेले नाही. मनःस्वास्थ्य हे या व्यवस्थेचे उद्दिष्टच नाही, आणि कदाचित त्यामुळेच ते तिच्यातून मिळते. कारण ‘तुमच्या बऱ्यासाठी’ म्हणून निर्माण केलेले काम खोटे आहे, हे माणसाला लगेच कळते.

५. प्रयोगांची साक्ष

परंपरेतील एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडणे धोक्याचे असते, म्हणून तीन अभ्यासांची साक्ष काढणे योग्य होईल.

पहिला अभ्यास एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांचा, १९७६ सालचा. अमेरिकेतील एका वृद्धनिवासात एका मजल्यावरील रहिवाशांना आपले निर्णय आपण घ्यावेत असे सांगून प्रत्येकाकडे एक झाड सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनाही झाड दिले, मात्र त्याची निगा कर्मचारी राखतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक सतर्क, अधिक आनंदी आणि अधिक मिळून-मिसळून वागणारा आढळला. दीड वर्षानंतरच्या पाहणीत मृत्यूंच्या प्रमाणातही फरक दिसला; तथापि त्या आकडेमोडीत पुढे दुरुस्ती करावी लागली आणि गट लहान होते, त्यामुळे त्या भागावर भार टाकणे उचित नाही. झाड दोघांकडेही होते. फरक ते कोणावर अवलंबून आहे, यात होता.

दुसरा अभ्यास रिचर्ड शुल्झ यांचा, त्याच वर्षीचा. महाविद्यालयीन विद्यार्थी वृद्धनिवासातील लोकांना भेटायला जात. ज्यांना भेटीची वेळ ठरवता येत होती किंवा निदान आधी कळत होती, त्यांची प्रकृती आणि उमेद, अवचित भेट मिळणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. पण उपक्रम संपला, विद्यार्थी येईनासे झाले, आणि काही काळाने पाहिले तेव्हा ज्यांना सर्वाधिक लाभ झाला होता तेच खालावलेले आढळले. हौसेने सुरू करून मध्येच सोडून दिलेला उपक्रम निरुपद्रवी असतो, हा भ्रम या निष्कर्षाने मोडतो.

तिसरा अभ्यास स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांचा, २००३ सालचा. ४२३ ज्येष्ठ जोडप्यांचा पाच वर्षे मागोवा घेतल्यावर असे दिसले की, शेजाऱ्यांना, नातलगांना वा जोडीदाराला मदत करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका कमी होता. केवळ मदत मिळण्याचा तसा लाभ दिसला नाही. ज्येष्ठांसाठीच्या बहुतेक योजना त्यांना घेणारा मानून आखल्या जातात, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे महत्त्व सहज कळते.

६. नाशिकच्या उपक्रमांना लावलेली कसोटी

आता हीच कसोटी शहरातील परिचित उपक्रमांना लावता येईल. गोदाघाटावर मे महिन्यात होणाऱ्या वसंत व्याख्यानमालेला शंभर वर्षांची परंपरा आहे आणि तिच्या श्रोत्यांत ज्येष्ठांची संख्या मोठी असते. बुद्धीला खाद्य आणि ओळखीच्या चेहऱ्यांची गाठ या दोन्ही गोष्टी तेथे मिळतात. परंतु श्रोता आला नाही तर व्याख्यान अडत नाही. पहिली अट तेथे पुरी होते ती सतरंज्या, ध्वनिव्यवस्था आणि पाहुण्यांची ने-आण पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बाबतीत, श्रोत्यांच्या बाबतीत नाही.

हास्यक्लबची कल्पना डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका बागेत पाच जणांसह सुरू केली आणि ती जगभर पसरली. तिची खरी ताकद हसण्यापेक्षा रोजच्या ठरलेल्या वेळेत आणि ‘काल का आला नाहीत?’ या प्रश्नात आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर पहाटे जमणाऱ्या टोळक्यांचेही तसेच. दोन दिवस न दिसलेल्या माणसाला फोन जातो, तेव्हा व्यायाम हे केवळ निमित्त उरते. या ठिकाणी तीनपैकी दोन अटी पुऱ्या होतात.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि प्रत्येक पेटी सांभाळायला कोणीतरी लागते. पुस्तके देणे-घेणे, नोंद ठेवणे, वेळेत पेटी पुढे धाडणे ही कामे निवृत्त माणसाच्या सवयीची आहेत आणि ती केली नाहीत तर वाचक दारात येऊन विचारतात. एका पेटीचा सांभाळ करणारा आणि शंभर व्याख्याने ऐकणारा यांत अधिक व्यासंगी कोण, हा प्रश्न वेगळा. अधिक गरजेचा कोण, याचे उत्तर स्पष्ट आहे.

ज्येष्ठ नागरिक संघांचे स्वरूप मिश्र आहे. पदाधिकाऱ्यांना हिशेब, पत्रव्यवहार, सभागृहाची किल्ली अशी खरी कामे असतात आणि त्यांची उमेद टिकलेली दिसते. उरलेले सभासद खुर्च्यांवर बसून पाहुण्यांचे भाषण ऐकतात. संघाचा लाभ सभासदत्वातून होतो असे मानले जाते, पण त्याचा मोठा हिस्सा पाच-सात जणांपाशीच साचतो.

७. संभाव्य आक्षेप

*(अ) कारण आणि परिणाम यांची उलटापालट.* जे मुळात निरोगी आणि उत्साही असतात तेच उपक्रमांत येतात. मग उपक्रमांमुळे ते उत्साही झाले, असे कसे म्हणावे? हा आक्षेप गंभीर आहे आणि निव्वळ पाहण्यांतून निघालेल्या बऱ्याच दाव्यांना तो लागू पडतो. ब्राउन यांच्या अभ्यासात आधीचे आरोग्य हिशेबात धरले होते, तरीही शंका पूर्ण फिटत नाही. लँगर-रोडिन आणि शुल्झ यांचे अभ्यास म्हणूनच मोलाचे आहेत. तेथे संशोधकांनी गट स्वतः ठरवले होते. वस्तुतः हा आक्षेप प्रस्तुत प्रतिपादनापेक्षा प्रचलित समजालाच अधिक अडचणीत आणतो, कारण ‘संघात येणारे आनंदी दिसतात’ यापलीकडे त्या समजापाशी फारसा पुरावा नाही.

*(आ) सर्वांनाच माणसांची हौस नसते.* इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये असे मांडले होते की, वाढत्या वयात माणूस आणि समाज एकमेकांपासून दूर होतात ते स्वाभाविक आहे. तो सिद्धान्त आज जसाच्या तसा मान्य नाही. परंतु उतारवयात माणसे ओळखी कमी करून जवळची नाती निवडतात, हे लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनाने दाखवले आहे. येथे मांडलेल्या अटींत गर्दीचा उल्लेख नाही. ग्रंथपेटी सांभाळणारा, संघाचा हिशेब लिहिणारा किंवा एकाच मुलाला गणित शिकवणारा मितभाषी माणूस त्या अटी पुऱ्या करतो. उलट अबोल माणसाला हास्यक्लबात उभे करणे ही त्याची परीक्षाच ठरते.

*(इ) जबाबदारीचे ओझे.* आयुष्यभर राबलेल्यांना पुन्हा कामाला का जुंपावे? जबाबदारी आणि वेठ यांतील सीमारेषा येथे काटेकोरपणे आखावी लागेल. जे काम आपण होऊन स्वीकारले आहे, ज्याला मुदत आहे आणि जे न लाजता दुसऱ्याकडे सोपवता येते, ती जबाबदारी. जे गृहीत धरले जाते आणि नाकारता येत नाही, ती वेठ. दिवसभर नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला आणखी काम नको असते. तिला आहे त्या कामातून ठरलेली सुट्टी आणि बाहेर स्वतः निवडलेली एक जागा हवी असते.

*(ई) सामूहिक म्हणजे कोणाचे?* हा आक्षेप सर्वांत टोकदार आहे आणि नाशिकला तो टाळता येणार नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सामूहिक कृतीत हात लावू न देणे म्हणजे माणसाला समूहाबाहेर ठेवणे, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. आजही संघांची, मंडळांची आणि सकाळच्या टोळक्यांची घडण जात, वस्ती आणि पेन्शन यांनुसार होते. घरकाम करणारी वृद्धा किंवा हातगाडी ओढलेला म्हातारा त्यांत सहसा नसतो. म्हणून जुन्या व्यवस्थांतून रचना घ्यावी, त्यांच्या सीमा घेऊ नयेत.

*(उ) आधी भाकरी.* श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांवर निर्वाह करणाऱ्याला प्रयोजनाच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे आहे, हे मान्यच केले पाहिजे. पुरेसे निवृत्तीवेतन आणि औषधपाणी यांना पर्याय नाही. परंतु गरिबाला फक्त भाकरी लागते, असे मानणे हाही त्याचा एक अपमानच आहे.

८. धोरणासाठी निष्कर्ष

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, पोचण्याची सोय. पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना राज्य परिवहनाच्या बसमध्ये २०२२ पासून मोफत प्रवास आहे. पण बसथांब्यापर्यंतचा पदपथ आणि ठिकाणावरचे स्वच्छतागृह नसेल तर ती सवलत अर्धीच राहते. विशेषतः बायकांचे बाहेर पडणे अनेकदा एका स्वच्छतागृहावर अडते.

दुसरी, वयोमिश्रण. ज्येष्ठांसाठी बागेचा वेगळा कोपरा राखण्यापेक्षा शाळा, वाचनालये आणि दवाखाने यांतील नेमकी कामे त्यांच्या नावावर करावीत. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, तेथे अशा कामांची वाण पडू नये. २०२६-२७ च्या सिंहस्थात लाखो भाविक येतील. वाट, घाट आणि देवळे तळहातासारखी ठाऊक असलेल्या ज्येष्ठांना माहितीकेंद्रांवर ठरावीक वेळेचे पहारे देता येतील, आणि त्या यादीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबरच त्यांचीही नावे असावीत.

तिसरी, उतरती जबाबदारी. शरीर थकत जाते तसे काम हलके करावे, काढून घेऊ नये. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याच्याकडे दहा सभासदांना रोज फोन करण्याची यादी सोपवता येते. कोणी फोन उचलला नाही तर पुढे कळवणे हे त्याचे काम. अशा यादीने एकाच वेळी दोघांची सोय होते.

चौथी, मोजमाप. कार्यक्रमाला किती ज्येष्ठ उपस्थित होते, यावर आज यश ठरते. त्याऐवजी किती ज्येष्ठांकडे असे काम आहे की जे त्यांच्यावाचून त्या दिवशी अडेल, ही संख्या मोजावी. ही संख्या वाढवणे कठीण आहे आणि त्याचे कारण ज्येष्ठांचे वय हे नाही. सत्काराला फक्त शाल लागते. जबाबदारी देताना मात्र किल्ली, हिशेबाची वही आणि निर्णयाचा काही भाग खरोखरच हातातून सोडावा लागतो, आणि तरुण कार्यकर्ते, अधिकारी व घरची मुले यांना तेच जड जाते. ज्येष्ठांच्या एकाकीपणावरचा उपाय त्यामुळे ज्येष्ठांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. इतरांनी आपल्या अधिकारातील किती वाटा त्यांना द्यायचा, या प्रश्नाच्या उत्तरातच तो आहे.